डायनिंग टेबलावर ऑफिस थाटलंय? आधी खुर्ची बघा

मान दुखायला लागली की लोक लगेच लॅपटॉप स्टँड मागवतात, पण सुरुवात खुर्चीपासून करायची. आपलं डायनिंग टेबल साधारण 29-30 इंच उंच असतं, जेवायला ठीक आहे, पण सव्वापाच फुटी माणसाला टायपिंगसाठी ते 3-4 इंच तरी जास्तच होतं, मग खांदे आपोआप वर चढतात आणि संध्याकाळपर्यंत मानेच्या दोन्ही बाजू दगड होतात. टेबलाचे पाय कापायला घरचे काही देणार नाहीत, म्हणून आपणच वर जायचं. खुर्चीवर घट्ट उशी टाका, मऊ नको, ती तासाभरात चपटी होते. खांदे सैल सोडून हात कीबोर्डवर ठेवा, कोपर काटकोनात किंवा जरासं जास्त उघडं आणि मनगट सरळ, एवढं झालं की उंची जमली.

आता पाय लोंबकळणार आणि मांडीखाली खुर्चीची कड रुतणार. पायाखाली पाट घ्या (देवघरातला सोडून कुठलाही), तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. गुडघ्याच्या मागे आणि सीटच्या कडेमध्ये दोन-तीन बोटं जागा हवी, सीट खोल असेल तर टॉवेलची गुंडाळी करून कमरेच्या खोलगट भागात सरकवा.

लॅपटॉपची खरी गोची अशी की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले, स्क्रीन वर घेतली की हात वर जातात, हात नीट ठेवले की मान खाली. त्यामुळे वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्याच, स्टँड नसला तरी चालेल, जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा मस्त काम करतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर साधारण एक हात. बायफोकल चष्मा असेल तर स्क्रीन अजून थोडी खाली घ्या, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करून बसाल.

माऊस कीबोर्डला खेटून ठेवा. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय मिटून टाका, त्यांनी मनगट उगाच वर वाकतं. खिडकी बाजूला हवी, समोर किंवा पाठीमागे नको.

आणि सेटअप कितीही भारी असला तरी अर्ध्या तासाने उठायचंच, फोन आला की चालत बोला. बोटांना मुंग्या येत असतील किंवा त्यामुळे रात्री जाग येत असेल तर मात्र उश्या बदलत बसू नका, सरळ डॉक्टरला दाखवा.