मूल अडलं की आधी काम तपासा

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पालक सारखं म्हणतात, "बाई, ह्याला सगळं येतं, पण ऐन वेळी गडबडतो." मला ते खरं वाटतं. एकेक गोष्ट सुटी येत असते. दोन एकदम डोक्यात धरायच्या झाल्या की हात चुकतो. तेव्हा मुलाला बोल लावण्याआधी त्या कामात एकदम किती गोष्टी सांभाळायच्या आहेत, ते मोजा.

घरी करून बघा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे पत्ते कापा. दोन डब्यांपैकी एकावर लाल होडी चिकटवा, दुसऱ्यावर निळा मासा. मुलाच्या हातात लाल मासे आणि निळ्या होड्या काढलेले पत्ते द्या. आधी रंगावरून लावायला सांगा. तीन वर्षांचं मूलही पटापट लावतं. मग म्हणा, "आता रंग सोड, चित्र बघ." "मासे कुठे जातात?" विचारलं तर बोट बरोबर डब्याकडे दाखवतं, आणि पत्ता मात्र रंगावरूनच टाकतं! मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो आणि सहकाऱ्यांनी 1996 साली हेच मांडलं. नियम ठाऊक असतो, जुन्या नियमावरून मन हलत नाही. पाच वर्षांपर्यंत बहुतेकांना हे जमू लागतं.

इथे आवाज चढवून नियम पुन्हा सांगू नका. पत्ता टाकण्याआधी मुलालाच विचारा, "हे काय आहे?" त्यानं "मासा" म्हटलं की पुष्कळदा हात योग्य डब्याकडे वळतो. तरी अडलं तर चित्र काळ्या पेननं काढा आणि रंग मागच्या कागदाला द्या. रंग आणि आकार वेगळे दिसले की काम हलकं होतं.

सहज जमणाऱ्यांसाठी एकच गोष्ट वाढवा: पत्त्याला काळी चौकट असेल तर रंग बघायचा, नसेल तर चित्र. पाच वर्षांची बरीच मुलं इथे अडकतात. त्यात काळजीचं काही नाही.

मोठ्या मुलांसाठी फूटपट्टी घ्या. मधोमध खाली पेन्सिल ठेवा, दोन्ही बाजूंना नाणी मांडा, पट्टी हातानं धरून विचारा, कुठली बाजू खाली जाईल? पाचेक वर्षांची मुलं फक्त नाणी मोजतात. ती मधापासून किती लांब आहेत, हे त्यांच्या नजरेतच येत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर यांनी 1976 साली दाखवलं की आधी अंतर टिपायला शिकवलं तरच ही लहान मुलं पुढच्या सरावातून शिकतात. म्हणून अंदाज विचारण्याआधी तुमची मांडणी मुलाला नीट बघू द्या, मग ती झाका आणि दुसऱ्या पट्टीवर तशीच करायला लावा: किती नाणी, कितव्या खुणेवर. माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि घाईत नेमका हाच राहून जातो.

शाब्दिक उदाहरणांतही तेच. "मीनाकडे 8 चिंचोके, राजूकडे 3 जास्त" सुटतं. "मीनाकडे 8 चिंचोके, ते राजूपेक्षा 3 जास्त" इथे "जास्त" वाचून मूल बेरीज करतं. चिंचोक्यांच्या दोन रांगा मांडून घ्या, कोणाची लांब ते बोटानं दाखवू द्या, मगच आकडेमोड. दोन पायऱ्यांचं उदाहरण असेल तर पहिलं उत्तर पाटीवर लिहून ठेवू द्या. जमायला लागलं की आधी चिंचोके काढून घ्या, पाटी राहू द्या.