टोकियो सोडताना मुलांची सेंड-ऑफ पार्टी: आधीपासून काय काय बघून ठेवायचं

आमचं पुण्याला परत जायचं जानेवारीत पक्कं झालं, मुलगी तेव्हा टोकियोतल्या निशिकसाईला जपानी शाळेत दुसरीत होती. घर सोडायची नोटीस, वॉर्ड ऑफिस, सामान पाठवणं या सगळ्याच्या याद्या आपल्या इथल्या मराठी ग्रुपवर आयत्या मिळतात, मुलांच्या सेंड-ऑफची मात्र कुणाकडेच नसते आणि मग तो शेवटच्या चार दिवसांत कसातरी उरकला जातो. आपल्याला निरोप द्यायला ऑफिसवाले आहेत, मित्र आहेत, जेवणं आहेत, पण मुलांचं काय, त्यांना तर पुढच्या सोमवारी कळतं की आता ती मैत्रीण दिसणार नाही. म्हणून जे आठवतंय ते सगळं लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी तारीख. जपानात शाळा एप्रिल ते मार्च, 24-25 मार्चच्या आसपास वर्ष संपतं, कंपन्यांच्या बदल्याही बऱ्याचशा 1 एप्रिललाच, त्यामुळे मार्चअखेर जो तो घर बदलत असतो आणि सुट्टी लागली की मुलं आजी-आजोबांकडे पळतात. जवळच्या ग्योसेन पार्कात साकुराखाली, म्हणजे चेरीच्या फुलांखाली, पार्टी करावी असं मलाही फार वाटत होतं, पण फुलं नीट फुलतात ती महिन्याच्या शेवटी, तोवर पोरं पांगलेली असतात. शाळा संपायच्या दोन आठवडे आधीचा शनिवार धरा. दुसरं म्हणजे घर घरासारखं असताना बोलवा. मुलीच्या मैत्रिणी ज्या गालिच्यावर दोन वर्षं लोळल्या तो गालिचा तिथे असला पाहिजे, खोक्यांच्या भिंतीत पार्टी नको. सोफा, कपाट वगैरे सोदाई गोमीत, म्हणजे मोठ्या वस्तूंच्या कचऱ्यात, टाकायचं असेल तर नंबर फेब्रुवारीतच लावा, मार्चात लवकर मिळत नाही, फक्त उचलायची तारीख पार्टीनंतरची घ्या.

मग कुणाकुणाला बोलवायचं. ही यादी मुलांना करू द्या, आपण करायची नाही. माझ्या यादीत ज्यांच्या आया मला ओळखतात त्याच मुली होत्या, आणि लेकीने पहिलं नाव घेतलं ते शेजारच्या बाकावरच्या एका मुलाचं, मी ते कधी ऐकलंही नव्हतं. तो म्हणे रोज हिच्या वहीच्या कोपऱ्यात कांजीच्या, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांच्या, रेघा कुठून सुरू करायच्या त्याचे बाण काढून द्यायचा. तो राहून गेला असता! आठ-दहा मुलं पुष्कळ झाली, जपानी घरांत त्याहून जास्त मावत नाहीत. आमंत्रण वर्गात वाटू नका, ज्यांना नाही मिळालं त्यांना वाईट वाटतं, आयांना लाइन या मेसेजिंग ॲपवर पाठवा, शिवाय लेकीच्या हाताने हिरागानात (सोप्या जपानी अक्षरांत) लिहिलेला कागद एकेकाला हातात द्या. त्यात सुरू व्हायची वेळ तर लिहाच पण संपायचीही लिहा, इथे लोक दोन्ही पाळतात. आणि भेट आणू नका हे स्पष्ट लिहा. तरी थोडे जण आणतातच, मग मोठी वस्तू आली की बॅगेच्या 23 किलोत बसवायची कशी हा प्रश्न पडतो, वर परतभेट द्यायची ती वेगळी.

ॲलर्जी विचारणं इथे अगदी नॉर्मल आहे, कुणी रागावत नाही, उलट नाही विचारलं तर आया काळजीत पडतात. अंडं, दूध, गहू, सोबा (बकव्हीट), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा हे पाकिटावर छापावंच लागतं, 2023 पासून त्यात अक्रोडही आला. आता आपल्या स्वयंपाकात शेंगदाणा कुठे कुठे असतो ते एकदा आठवून बघा. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, चिक्की, वांग्याची भाजी, आपण मूठभर कूट कधी टाकतो ते आपल्यालाच कळत नाही. मी त्या आठवड्यात कुटाचा डबा बांधून वरच्या कपाटात ठेवून दिला, मिक्सरचं भांडंही दोनदा घासलं. उलट बाजूने आपल्या शाकाहारी मुलांसाठी जेली, गमी, मार्शमॅलोमधलं जिलेटिन बघा आणि विकतच्या ओनिगिरीत (भाताच्या गोळ्यात) माशाचं दाशी, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, आहे का ते बघा, नुसतं वरून उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) दिसतं म्हणून चालत नाही. मेन्यू छोटा ठेवा. आमच्याकडे बिनमिरचीची बटाट्याची भाजी, छोट्या छोट्या पुऱ्या, कापलेली फळं आणि केक एवढंच होतं. पुरी फुगताना बघायला सगळी मुलं ओट्यापासून लांब एका रांगेत उभी राहिली आणि प्रत्येक पुरीला ओरडली, तोच त्यांचा मुख्य खेळ झाला म्हणा ना.

ओरडण्यावरून आठवलं, खालच्या मजल्यावर आधी सांगून या. बिस्किटांचा छोटा बॉक्स घेऊन जायचं, अमुक दिवशी या वेळेत मुलांचा आवाज होईल, माफ करा म्हणायचं.

आता शिकिशी. जाडसर चौकोनी पुठ्ठा असतो, साधारण 24 बाय 27 सेंटिमीटर, हंड्रेड येन शॉपमध्ये मिळतो. मधोमध जाणाऱ्याचं नाव आणि भोवती सगळ्यांनी चार ओळी लिहायच्या, याला योसेगाकी म्हणतात, जपानी मुलांना सांगावंही लागत नाही. दोन आणा, एक बिघडतोच. बारीक पेनं आणा, जाड मार्करने पहिली दोघंच सगळी जागा खातात. मुलांना लिहायला वेळ लागतो, एका मैत्रिणीने वीस मिनिटं घालवली आणि शेवटी फक्त ‘पुन्हा खेळूया’ असं लिहिलं, तिला घाई करू नका. आणि हे महत्त्वाचं, शिकिशी हँडबॅगेत ठेवा. मी तो नीट गुंडाळून, जपून, समुद्रमार्गे जाणाऱ्या खोक्यात ठेवला, आणि सामान पुण्यात पोचायला अडीच महिने लागले. तेवढे अडीच महिने, जेव्हा तिला त्याची सगळ्यात जास्त गरज होती, तेव्हा तो तिच्याकडे नव्हता. रोज विचारायची, जहाज कुठे आलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

परतभेट म्हणून पेन्सिल, हातरुमाल असं काहीही छोटं चालतं, पण त्या पिशवीत नव्या पत्त्याची लेबलं नक्की टाका. पुण्याचा पत्ता इंग्रजी अक्षरांत, पिनकोडसकट, खाली ‘इंडिया’, अशी चिकटणारी लेबलं, प्रत्येकाला पाच. जपानी आठ वर्षांच्या मुलाला आपला पत्ता लिहिता येत नाही, आईलाही अवघड जातो आणि मग पत्र राहूनच जातं. लेबल असलं की चिकटवलं आणि टाकलं. आपलंही बघा, जपानचा फोन नंबर बंद व्हायच्या आधी लाइनला ईमेल आणि पासवर्ड जोडून ठेवा, नाहीतर सगळ्या आयांचा संपर्क एका दिवसात जाईल.

फोटोंचं आधीच विचारून घ्या. बऱ्याच जपानी पालकांना मुलांचे चेहरे सोशल मीडियावर गेलेले आवडत नाहीत, ग्रुपमध्ये शेअर करू पण बाहेर टाकणार नाही असं सांगून टाका. मला विचाराल तर एक फोटो दारातल्या बुटांचा काढा. दहा जोड, सगळे बाहेर तोंड करून, मुलांनी स्वतःच लावलेले.

संपायची वेळ ठरवताना वस्तीतल्या लाऊडस्पीकरवरची संध्याकाळची धून धरा, ती वाजली की मुलं घरी जातात. ऋतूप्रमाणे वेळ बदलते, म्हणून आठवडाभर आधी कान देऊन ऐका आणि त्याच्या अर्धा तास आधी केक, शिकिशी सगळं आटपा. धून सुरू झाली आणि निरोप अर्धवट असं होऊ देऊ नका.

आपल्या मराठी ग्रुपच्या मुलांची पार्टी वेगळी ठेवा, दोन्ही एकत्र केल्या की मोठ्यांच्या गप्पा सुरू होतात, मुलं दोन भाषांत दोन कोपऱ्यांत बसतात. तिकडे सरळ एक डिश पार्टी करा, कुणी पुलाव, कुणी छोले. पण त्यात मागे राहणाऱ्या मुलांकडे बघा. काँट्रॅक्ट संपतात, दर मार्चला इथून कुणी ना कुणी जातं, आणि जो चार-पाच वर्षं इथेच आहे त्याने इतके सेंड-ऑफ खाल्लेत की तो केकपाशी येतच नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचा असाच एक सहावीतला मुलगा दिवसभर लेकीशी बोलला नाही. त्याला एखादं काम द्या, तिची सायकल द्या, झाडाची कुंडी द्या, सांभाळशील का विचारा. आम्ही तुळस दिली. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली आणि लिफ्ट सोडून जिन्याने वर नेली.

सगळ्यात जवळच्या मैत्रिणीसाठी पार्टीनंतर एक वेगळी दुपार राखून ठेवा, दोघीच, बागेत, कॅमेरा नाही, आपण लांबच्या बाकावर बसायचं. ती दुपार पॅकिंगच्या आठवड्यात बसत नसेल तर पॅकिंगचा एक दिवस कमी करा.