घर आवरूनही डोकं शांत होत नाही? या चुका टाळा

"आई, माझा कंपास कुठं आहे?" "अगं, माझी बीपीची गोळी संपली काय?" "करंटबिल भरलं की राहिलं?" बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरात कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत हे तीन प्रश्न तीन खोल्यांतून यायचे आणि तिन्ही माझ्याकडेच. घर लख्ख असायचं. तरी दहा वाजेपर्यंत मी थकून जायची. बरीच वर्षं मला वाटत होतं, अजून नीट आवरायला पाहिजे. खरं तर घर दिसायला आवरलेलं होतं, पण काय कुठं आहे, कधी संपणार, कधी भरायचं हा सगळा हिशेब माझ्या एकटीच्या डोक्यात होता.

पसाऱ्याचा त्रास मनाला होतोच. लॉस एंजलिसमध्ये नोकरी करणाऱ्या ३० जोडप्यांतल्या ६० जणांना आपलं घर फिरून दाखवायला सांगितलं होतं. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात, ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट कामं जास्त आली, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दिवसभरात उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. त्यात अर्धवट कामांचाही उल्लेख आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

आधी डबे आणणं

रविवार पेठेतून एकसारख्या डब्यांचा सेट आणायचा आणि असेल नसेल ते त्यात भरायचं. पसारा झाकला जातो, पण आता प्रत्येक डब्यात काय आहे हेही लक्षात ठेवावं लागतं. आधी काढून टाका, मग उरलेलं मोजा, डबे शेवटी.

जागा एकालाच माहीत असणं

दोन दिवस एक वही जवळ ठेवा आणि घरात "कुठं आहे?" असं जितक्या वेळा विचारलं जाईल तितक्या रेघा ओढा. वस्तूचं नावही लिहा. माझ्या वहीत दोन दिवसांत एकतीस रेघा झाल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त पाच वस्तूंसाठी होत्या: गाडीची चावी, कात्री, चार्जर, गोळ्या, आधार कार्ड. सगळं घर बदलायची गरजच नव्हती, या पाच वस्तूंना सगळ्यांना दिसेल अशी जागा हवी होती.

गोळ्यांच्या डब्यावर मी मराठीत ठळक लिहिलं: सकाळ, रात्र. झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली, "चार गोळ्या उरल्या की फळ्यावर लिहा". आता सासरे स्वतः खडूने लिहितात. आधार कार्ड दाराजवळच्या पिशवीत गेलं, कारण कर्नाटकात शक्ती योजनेत आम्हा बायकांना सरकारी बसने मोफत जाता येतं, तिथं ओळखपत्र म्हणून आम्ही तेच दाखवतो आणि नेमकं निघताना ते शोधायची वेळ यायची.

कागद एका पिशवीत कोंबणं

सीमाभागातल्या घरांनी सगळ्यात आधी इथं लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे रेशन कार्ड कन्नडमध्ये, जमिनीचा आरटीसी उतारा (महाराष्ट्रातल्या सात-बारासारखा) कन्नडमध्ये, घरातल्या जुन्या माणसांचा शाळेचा दाखला मराठीत, बँकेचं पासबुक इंग्रजीत. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बदललं, त्यामुळे आधीच्या कागदांवर बेळगाव आणि नंतरच्या कागदांवर बेळगावी. माणसाचं नाव मराठीतून कन्नडात आणि तिथून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर बदलतं ते वेगळंच.

माझ्या सासऱ्यांना कन्नड वाचता येत नाही, मलाही अडखळतच. घरात कन्नड नोटीस आली की ती शाळेत कन्नड शिकलेल्या मुलीकडे जायची. एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री ती पुस्तक बाजूला ठेवून घरपट्टीचा कागद वाचत बसली होती. चौदा वर्षांची पोर मला म्हणाली, "शेवटची तारीख मी लक्षात ठेवते, तू झोप." त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या रविवारी आम्ही फाइल लावली. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या कव्हरात, आणि कव्हरावर मराठीत चिठ्ठी: हा कसला कागद, कुणाचा, परत कधी लागेल. मूळ कागदावर काही लिहायचं नाही. मूळ प्रत मागे, झेरॉक्स पुढे. ज्या कागदांवर नावाचं स्पेलिंग जुळत नाही त्यांना लाल ठिपका, म्हणजे गरज पडायच्या आधीच दुरुस्तीला देता येतात. गृहलक्ष्मी या कर्नाटक सरकारच्या योजनेत घरातल्या कर्त्या बाईला मिळणारे महिन्याचे २००० रुपये ज्या खात्यात येतात ते पासबुक, त्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि रेशन कार्ड एकाच कव्हरात. आता मुलीने कागद एकदाच वाचायचा, चिठ्ठी लिहायची आणि मोकळं व्हायचं.

पावसात माळा काढणं

बेळगावशेजारच्या खानापूरकडे तर विचारूच नका, पण बेळगावातही जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की माळ्यावरून काढलेली गोधडी परत ठेवली तर तिला वास येतो. मग धुवा, वाळत नाही म्हणून खुर्च्यांवर टाका, आणि आवरायला काढलेलं घर आठवडाभर तसंच. माळा एप्रिल-मेच्या कडक उन्हात काढायचा. पावसात फक्त एक खण, तोही तासाभरात संपेल असा.

काम वाटणं, लक्ष न वाटणं

"सांगितलंस की करतो की" हे वाक्य आपल्या घराघरांत आहे. सांगायचं कुणी, हा प्रश्न राहतोच. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ साली घरकामातल्या या न दिसणाऱ्या भागाचे चार टप्पे मांडले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं का ते बघत राहणं. त्यांच्या अभ्यासात पहिला आणि शेवटचा टप्पा जास्त करून बायकांकडे होता. म्हणून काम देताना चारही टप्पे द्या. आमच्याकडे गॅस आता पूर्ण नवऱ्याकडे आहे. टाकी हलवून बघणं, नंबर लावणं, पैसे देणं, सगळं. पहिल्या महिन्यात गॅस मध्येच संपला आणि शेजारच्या काकूंकडे भाजी शिजवून आणावी लागली. तरीही मी नंबर लावला नाही. त्यानंतर तसं झालेलं नाही.

पुन्हा पसारा झाला तर

माणसांवर चिडू नका, जागा तपासा. चावीसाठी मी देवघराशेजारी छान लाकडी पट्टी लावली होती, पण चावी रोज फ्रिजवरच. घरात शिरल्यावर हात तिथंच जातो. पट्टी काढून फ्रिजच्या बाजूला लावली, प्रश्न संपला. सासूबाईंच्या फडताळाला मात्र त्यांना न विचारता हात लावू नका. त्यांच्या जागा त्यांना अंधारातही सापडतात, आणि त्या मोडल्या की त्यांच्या डोक्याला नवा ताण.

घर सुटसुटीत होऊनही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर ते पसाऱ्याचं दुखणं नाही. डॉक्टरांशी बोला, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. हा नंबर आम्ही फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय, गॅसच्या नंबराशेजारी.