विजापूरची जामा मशीद बघताना: वेळ, वाट आणि नमाजी माणसाची समोरची बाजू

गोलघुमट बघून होतो, ऊन चढतं, आणि गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘चला आता जामा मशिदीत, तिथं गार असतं, जरा टेकू.’ माझ्याबरोबर आलेल्यांना मी हे करू देत नाही. ती टेकायची जागा नाही, आणि नेमकी हीच वेळ जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाची असते. तालिकोटच्या १५६५च्या लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहाने ही मशीद बांधायला घेतली. पुरातत्त्व खातं ती जपतं हे खरं, पण तिथं आजही रोज नमाज होते. ती नांदती मशीद आहे, हे धरूनच आत जा.

जायचं सकाळी. फजरची नमाज सूर्य उगवण्याआधी होते, जोहर माध्यान्ह टळल्यावर. मधला वेळ दिवसभरातला सगळ्यात मोकळा. पहाटे उठून आधी गोलघुमट करा, गर्दी नसताना सज्जातला प्रतिध्वनी नीट ऐकू येतो, आणि नवाच्या सुमारास मशिदीत या. नमाजाचं दालन पूर्वेला अंगणाकडे उघडं आहे, त्यामुळे सकाळचं ऊन कमानींखालून आत येतं. संध्याकाळी जाणाऱ्यांना हे दिसत नाही. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असते, तेव्हा जाऊच नका. रमजानमध्ये संध्याकाळही सोडा.

कपडे अंगभर, बायकांनी डोक्यावर ओढणी किंवा पदर. चपला दाराशी काढायच्या. उन्हाळ्यात पायमोजे घाला, फरशी भाजते. बायकांनी कुठवर जायचं, हे दाराशी विचारून घ्या आणि सांगतील ते ऐका. अंगणातला हौद वजूचा आहे, नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी. त्यात पाय सोडून बसायचं नाही, मुलांना पाणी उडवू द्यायचं नाही.

आता खरी अवघड गोष्ट. ‘शांत राहा, फोटो काढताना विचारा’ एवढं सांगून लोक मोकळे होतात. तेवढ्याने भागत नाही, कारण जमात, म्हणजे एकत्र नमाज पढणारे लोक, उठून गेल्यावरही कुणीतरी एकटा येतो आणि एखाद्या खांबाआड नमाज सुरू करतो. त्या प्रचंड दालनात तो तुमच्या लक्षातही येत नाही. पहिल्या खेपेला मी पश्चिमेच्या भिंतीलगत नक्षी बघत चाललो होतो. एक वयस्कर गृहस्थ उभे होते, मी त्यांच्या अगदी समोरून निघालो. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, बोलावताहेत, म्हणून मी आणखी जवळ गेलो. ते मला थांबवत होते. नमाज पढणाऱ्याच्या समोरून कुणी जाऊ नये हा दंडक आहे, आणि जाऊ लागलाच तर त्याला हाताने अडवायची मुभा आहे. नमाज संपल्यावर त्यांनी मला हे शांतपणे समजावलं. मला आजही त्याची खंत वाटते.

तेव्हापासून मी आत शिरलो की आधी माणसं शोधतो, नक्षी नंतर. नमाजी पश्चिमेकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे पश्चिमेची भिंत ही त्याची ‘समोर’. जायचं ते त्याच्या पाठीमागून, लांबचा वळसा पडला तरी. इथं फरशीच तुम्हाला मदत करते. तिच्यावर दोन हजारांहून जास्त चौकटी आखलेल्या आहेत. १६८६ मध्ये विजापूर घेतल्यावर औरंगजेबाने त्या आखून घेतल्या असं सांगतात. एक चौकट म्हणजे एका माणसाची जागा. तो उभा असलेली चौकट बघा आणि तिच्या मागच्या ओळींतूनच चाला.

आणि तुम्ही आधीच त्याच्या समोर अडकला असाल तर? हलू नका. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांचा प्रश्न असतो. शेवटी तो बसलेला असताना मान उजवीकडे वळवतो, मग डावीकडे. याला सलाम फेरणं म्हणतात, नमाज तिथं संपते. तो डोकं टेकवून उठला म्हणजे झालं असं समजू नका, ती क्रिया पुन्हा पुन्हा होते. मधेच त्याला काही विचारू नका, तो उत्तर देऊ शकत नाही. आणि त्याचा फोटो तर मागूनही काढू नका. लहान मुलांचा हात धरूनच ठेवा. या दालनात धावणारं मूल थेट कुणाच्यातरी सजद्याच्या, म्हणजे कपाळ टेकवायच्या, जागेवर जातं, हे मी दोनदा पाहिलंय.

मिहराब, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतला नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, शेवटी बघा. तो बहुधा पडद्याआड असतो. पडदा स्वतः सारायचा नाही, तिथल्या माणसाला विनंती करायची. १६३६ मधलं ते सोनेरी आणि रंगीत काम आहे: कोनाड्यांत रचलेली पुस्तकं, फुलदाण्या, मनोरे, सगळं भिंतीवरच उठवलेलं. त्यासाठी निवांत वेळ ठेवा. हात लावू नका, फ्लॅश नको.

अजान कानावर पडली की गाइडचं वाक्य अर्धं राहिलं तरी निघा. तेव्हा लोक हौदाकडे येत असतात, त्यांना वाट द्या आणि अंगणाच्या कडेकडेने बाहेर पडा. चपला दाराबाहेर गेल्यावरच जमिनीवर ठेवा.