एक धागा धरा, एक सोडा: अनोळखी पुस्तकांपर्यंत कसं पोचायचं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात पुस्तकांच्या कपाटाचे खालचे तीन कप्पे पाण्यात गेले. पूर ओसरल्यावर पावासारखी फुगलेली पुस्तकं गच्चीवर वाळत घातली. बहुतेक हाताला लागली नाहीत. पुन्हा काय काय घ्यायचं म्हणून वही घेऊन यादी करायला बसले, तर ६१ नावांपैकी ५२ ऐतिहासिक कादंबऱ्या! निम्म्या शिवकाळातल्या, निम्म्या पेशवाईतल्या. इतकी वर्षं मी स्वतःला दांडगी वाचक समजत होते. खरं तर एकच पुस्तक वेगवेगळ्या मुखपृष्ठांत वाचत होते.

मग मी सगळे करतात तीच चूक केली. ‘आयुष्यात वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’ छापाची एक यादी मिळवली आणि तिच्यातली तीन पुस्तकं वाचनालयातून आणली. एक कवितासंग्रह, एक समीक्षेचं, एक विज्ञानाचं. तिन्ही पुस्तकं पंधरा दिवस उशाशी पडून राहिली आणि होती तशी परत गेली. यादी वाईट नव्हती. पण लेखक नवा, प्रकार नवा, विषय नवा, भाषेची धाटणी नवी, असं सगळंच एकदम परकं झालं की पाऊल पुढे पडत नाही. लग्नात ओळखीचं एकही माणूस नसलं की आपण नुसते जेवून निघतो, तसं ते झालं.

तेव्हापासून मी एकच नियम पाळते. नव्या पुस्तकात एक गोष्ट ओळखीची हवी आणि एकच गोष्ट अनोळखी हवी. गाव तेच ठेवून प्रकार बदलायचा, किंवा लेखक तोच ठेवून प्रकार बदलायचा, किंवा गोष्ट तीच ठेवून भाषा बदलायची. करायचं कसं ते सांगते.

आधी वही

साधी शंभर पानी वही घ्या. मागच्या वर्षभरात वाचलेली, आठवतील तेवढी पुस्तकं लिहून काढा. दहा आठवली तरी पुष्कळ. प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहायची: यात मला नक्की काय आवडलं? ‘छान होतं’ असं लिहायचं नाही. ‘लढाईचे डावपेच’, ‘सासू-सुनेचे संवाद’, ‘त्या गावचा दुष्काळ’ असं नेमकं लिहा. माझ्या वहीत ‘डावपेच’ हा शब्द अकरा वेळा आला तेव्हा मला कळलं की मला इतिहासापेक्षा ‘असं झालं नसतं तर?’ हे कोडं आवडतं. पुढचा धागा इथूनच सुटतो, म्हणून या कामाला घाई करू नका.

मग देवघेवीच्या टेबलाशी गप्पा

वाचनालयात गेल्यावर आपण थेट आपल्या ठरलेल्या कपाटाकडे जातो. आपल्याकडच्या पुष्कळ वाचनालयांत कादंबरी, कथा, नाटक, चरित्र असे ढोबळ गट लावलेले असतात, त्यामुळे कादंबरीवाला माणूस जन्मभर त्या दोन कपाटांमधेच फिरत राहतो. त्याऐवजी परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा बघा. जागेवर लावायच्या आधी ती देवघेवीच्या टेबलावर नाहीतर बाजूच्या स्टुलावर पडलेली असतात. तिथे प्रकारांची सरमिसळ असते आणि सगळी पुस्तकं नुकतीच कुणीतरी वाचलेली. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठीही बघा. एखाद्या जाडजूड, नाव न ऐकलेल्या पुस्तकावर वर्षभरात आठ-नऊ शिक्के असतील, तर आपल्याच गावातल्या आठ-नऊ जणांनी ते घरी नेलंय. मला कुठल्याही परीक्षणापेक्षा याचा भरवसा वाटतो.

आणि टेबलामागच्या माणसाशी बोला. त्यांना आपल्या सवयी आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. माझंच सांगते. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ ही १९८८ ची कादंबरी मी पुन्हा मागितली, तेव्हा टेबलावरचे दादा हसले.

“ताई, हे चारदा नेलंय की तुम्ही. आता हे न्या. ह्यात आपण जिंकलोय.”

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा होती. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत अपघातानंतर अशा एका जगात जाऊन पोचतात जिथे १७६१ ची ती लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. आणि ते हे शोधतात कुठे, तर ग्रंथालयात! स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड काढून पानं उलटत जातात आणि पानिपतावर येऊन थबकतात, कारण तिथे विश्वासरावांना गोळी लागतच नाही, ती जवळून निघून जाते. मी ते पान दोनदा वाचलं. विज्ञानकथा म्हणजे यंत्रमानव आणि तबकड्या, अशी माझी समजूत होती. इथे विश्वासराव होते, भाऊसाहेब होते, माझीच माणसं होती. विषय तोच राहिला, प्रकार तेवढा बदलला. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती हे मला नंतर कळलं. तोवर मी बाळ फोंडके, सुबोध जावडेकर असं करत त्या कपाटाच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते.

गाव तेच, प्रकार वेगळा

सातारा-सांगलीच्या वाचकाला हा धागा सगळ्यात सोपा, कारण आपला मुलूख जवळजवळ प्रत्येक प्रकारात लिहिला गेलाय. माणदेशाचंच बघा. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळ्याचे. त्यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) अनेकांनी वाचलेली असते. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. ती आवडली असेल तर पुढे तीन वाटा फुटतात.

पहिली वाट त्याच लेखकाची. ‘माणदेशी माणसं’ ही व्यक्तिचित्रं, आणि तिथून एकदम ‘सत्तांतर’. ही वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेची गोष्ट, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. ती वाचून झाली की मारुती चितमपल्लींच्या जंगलात शिरायला वेगळं धाडस लागत नाही.

दुसरी वाट त्याच मातीतल्या दुसऱ्या माणसाकडे जाते. शंकरराव खरातही आटपाडीचे. त्यांचं ‘तराळ अंतराळ’ (१९८१) हे आत्मचरित्र ‘बनगरवाडी’च्या लगोलग वाचा. तेच माळ, तोच दुष्काळ, तीच बोली, पण बघणारा महारवाड्यातून बघतोय. तराळकी म्हणजे गावचा सांगावा पोचवायचं, सरकारी फेऱ्या मारायचं बिनमोलाचं काम. त्या घरातला हा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय माणदेश कळतो असं मला वाटत नाही. तिथून दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), फलटण भागातल्या लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०), आणि हे सगळं ज्या व्यवस्थेतून आलं तिचा हिशोब बघायचा असेल तर त्रिं. ना. आत्रे यांचं ‘गावगाडा’. हे १९१५ चं आहे, भाषा जुनी आणि पल्लेदार आहे. सलग वाचू नका, हवं ते प्रकरण काढून वाचा.

तिसरी वाट इतिहासाची, औंध संस्थानाची. आटपाडीजवळची कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, याच संस्थानातली. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट तिच्यावरून सुचलेला आणि त्याची कथा गदिमांची, म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांच्या थोरल्या भावाची. मी तिथे पोचले ते एका कादंबरीच्या शेपटाला धरून.

लेखक तोच, प्रकार वेगळा

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांना बहुतेक जण ‘फकिरा’पुरते ओळखतात. ते पुस्तक त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलंय. अर्पणपत्रिका कधी ओलांडून पुढे जाऊ नका, लेखकाला कोण मोठं वाटतं ते तिथे कळतं. आता त्याच लेखकाचं रशियाचं प्रवासवर्णन घ्या, मग लावण्या आणि पोवाडे. ‘माझी मैना’ वाचायची नाहीच, ऐकायची. ज्याला कविता वाचताच येत नाही असं वाटतं त्याने कवितेत शिरायला ही जागा चांगली. मी मर्ढेकरांकडे अशीच वळणं घेत आले. सरळ गेले असते तर पहिल्याच पानावरून माघारी फिरले असते.

गोष्ट तीच, भाषा वेगळी

ययातीची कथा घ्या. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ कादंबरी १९५९ ची. तीच कथा शिरवाडकरांनी ‘ययाति आणि देवयानी’ या नाटकात मांडली, आणि कन्नडमध्ये गिरीश कार्नाडांनी १९६१ मध्ये स्वतःचं नाटक लिहिलं. तिन्ही वाचलीत की एकाच माणसाबद्दल तीन लेखक किती वेगळं भांडतात ते दिसतं.

कन्नड आपल्याला तशी परकी नाही. जत तालुक्याच्या पूर्वेला घराघरांत बोलली जाते. पण वाचता येत नाही, म्हणून अनुवादकाचं नाव लक्षात ठेवा. आपण लेखकाचं नाव वाचतो, अनुवादकाचं वाचत नाही, आणि एक चांगली वाट घालवतो. उमा कुलकर्णींनी भैरप्पांची ‘पर्व’ मराठीत आणली. ती आवडली म्हणून मी त्यांचेच अनुवाद शोधत गेले तर कार्नाडांचं आत्मचरित्र ‘खेळता खेळता आयुष्य’ हाती आलं, आणि गाडी पुन्हा ययातीवर. ‘पर्व’च्या जोडीला इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ ठेवा. महाभारत तेच, पण इथे कादंबरी नाही, लेख आहेत. ललित सोडून दुसरं काही न वाचणाऱ्याला वैचारिक लेखनाची गोडी लागायला माझ्या माहितीत याहून सोपी जागा नाही.

किती वाचून सोडायचं

कादंबरी असेल तर ३० पानं. कथासंग्रह असेल तर दोन कथा, त्यातली एक मधली. कविता मोठ्याने पाच. एवढ्यानंतर जमत नसेल तर बिनदिक्कत परत करा, पण वहीत लिहा की का सोडलं. ‘भाषा जड’ आणि ‘विषय नको’ ही दोन वेगळी कारणं आहेत. भाषा जड असेल तर त्याच विषयावर दुसरा लेखक मिळतो.

एखादा साहित्यप्रकार मुळातून समजून घ्यायचा असेल तर मराठी विश्वकोश उघडा. त्याचं काम वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली सुरू झालं, पहिला खंड १९७६ चा. आता तो मोबाइलवर फुकट वाचता येतो. बऱ्याच नोंदींच्या शेवटी संदर्भांची यादी असते, मला तिचाच जास्त उपयोग होतो. दिवाळी अंकांचंही तसंच. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची ही आपली परंपरा, आणि एका अंकात दहा अनोळखी लेखक चाखायला मिळतात. वाचनालयात दिवाळीनंतर अंकांची वेगळी वर्गणी असते, ती भरा. आवडलेल्या लेखकाचं नाव तेवढं वहीत उतरवा.

भिलारला एक दिवस

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून सुचलेली ही कल्पना. सुरुवात २५ ठिकाणी सुमारे १५,००० पुस्तकांनी झाली. लोकांनी आपल्या घरात, ओसरीवर, देवळात जागा दिली आणि जागेप्रमाणे साहित्यप्रकार वाटून घेतले. पुस्तक विकत मिळत नाही, घरीही नेता येत नाही. तिथेच बसून वाचायचं, पैसे लागत नाहीत.

आपल्या कामासाठी ही सोय फार चांगली, कारण इथे प्रकार बदलायचा म्हणजे शब्दशः दुसऱ्या घरात जायचं. जाण्यापूर्वीच ठरवा की आवडीच्या प्रकाराच्या घरात सगळ्यात शेवटी शिरायचं. आधी तीन अनोळखी घरं, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास. पुस्तक पटलं तर मोबाइलवर मुखपृष्ठाचा फोटो काढू नका, आतल्या शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा काढा. लेखक, अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती सगळं तिथे असतं, आणि घरी आल्यावर वाचनालयात तेच सांगावं लागतं. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत आणि मे महिन्यात गर्दी फार. पावसाळ्यात धुकं इतकं की समोरचं घर दिसत नाही, पण ओसरी मोकळी मिळते. मला पावसाळा बरा वाटतो. स्वेटर न्या.

आता शेजारच्या काकूंचं सांगते. त्या पाककृतींची पुस्तकं आणि पोथ्या यांच्यापलीकडे काही वाचत नव्हत्या. “आम्हाला नाही जमत गं ते साहित्य-बिहित्य,” म्हणायच्या. मी विचारलं, पाककृतीच्या पुस्तकात काय आवडतं? तर म्हणाल्या, मधेमधे बाई आपल्या सासरच्या गमती सांगते ते. मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दिली. वाचनालयाचं पुस्तक, माझ्या कार्डावरचं. तारीख उलटून आठ दिवस झाले. काल मागायला गेले तर काकूंनी ते पोथीच्या चौरंगावर ठेवलं होतं. “अगं, आत्ता कुठे ती दोघं पुन्हा एकत्र आलीयेत. दंड होईल तेवढा मी देते की.”