बास घेताना मान बघा

मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे मी एकदा माझी बास गिटार घेऊन गेलो होतो. सगळ्यात जाड तारेवर खरखर यायची आणि ती कुठून येते ते मला सापडत नव्हतं. त्यांनी विजेची गिटार तोवर हातात धरलेली नव्हती. बासच्या लाकडाला कान टेकवला, मला मानेवरचा, म्हणजे लांब दांडीवरचा, एकेक पडदा (धातूची आडवी पट्टी) सावकाश वाजवायला लावला आणि तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "मान मागं गेलीय हिची. आम्ही तार बोलावी म्हणून जवारी, म्हणजे ही झणझण, मुद्दाम आणतो, तुला ती घालवायचीय. काम तेच, फक्त उलटं."

त्या दिवसापासून मी बास ऐकायला शिकलो. सांगली-मिरजेकडच्या ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं बास वाजवतोय. नवी पोरंपोरी बँड काढतात, फोन करतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "दादा, कुठली कंपनी?" मी म्हणतो, कंपनी नंतर. आधी मान बघा.

दुकानात गेलात की लगेच अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याला, जोडू नका. अँप चांगला असला की वाईट बासही गोड वाटते. नुसती हातात घ्या, सुरात लावा, डोक्याकडून एक डोळा मिटून मानेवरून नजर टाका. पीळ दिसला, म्हणजे एक कड सरळ आणि दुसरी वाकडी, तर ती बास परत टांगायला सांगा. वाक काढता येतो, पीळ निघत नाही. मग चारही तारांवर प्रत्येक पडदा वाजवा, एकही गाळू नका. दुकानदार कंटाळला तरी चालेल. मानेच्या कडेवरून तळवा फिरवा. पडद्यांची टोकं टोचत असतील तर चार तासांच्या कार्यक्रमात ती हात सोलतात. शेवटी पट्टा घालून उभे राहा आणि डावा हात सोडून द्या. डोकं खाली झुकत असेल तर रात्रभर डाव्या हातानं मान उचलून धरावी लागेल आणि बोटं मोकळी राहणार नाहीत.

आता प्रकार. अमेरिकेतले गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून नाव प्रिसिजन. १९६० मध्ये जॅझ बास आली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बास या दोघींच्याच लेकी आहेत. प्रिसिजनचा पिकअप, म्हणजे तारेची थरथर पकडणारा चुंबकाचा भाग, दोन तुकड्यांत विभागलेला असतो आणि ते एकमेकांची विजेची घुर्र मारतात. जॅझला दोन वेगळे पिकअप असतात. दोन्ही आवाज पूर्ण ठेवले तर घुर्र जाते, एक कमी केला की परत येते. जनरेटरवर चालणारा स्टेज, डोक्यावर डिमरचे दिवे, अशा ठिकाणी वाजवणाऱ्याला हा फरक पहिल्याच कार्यक्रमात कळतो. म्हणून पहिली बास प्रिसिजनच्या घडणीची घ्या, असं मी सांगतो. तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी ३४ इंची नेहमीची. हात लहान असेल तर ३० इंचीही मिळते, त्यात कमीपणा काही नाही.

चार तारा की पाच? इथं आपल्याकडच्या गाण्याचा विचार करा. चार तारांच्या बासचा सगळ्यात खालचा स्वर पेटीवरची पांढरी तीन. गायक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गाणारा असेल, आणि आपल्याकडे पुरुष गायक बरेचदा तिथंच असतात, तर खालचा षड्ज तुमच्याकडे नसतोच, वरचा घ्यावा लागतो. पाचवी तार तो देते. पण स्वस्त पाचतारीची जाड तार ढिली, बुळबुळीत बोलते, स्वर कुठला तेच कळत नाही. पैसे बेताचे असतील तर चांगली चारतारी घ्या.

बॅटरीवाली, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह बास घेतलीत तर एक गोष्ट पाठ करा: वायरची पिन बासमध्ये खोचलेली असते तोवर ९ व्होल्टची बॅटरी खर्च होत असते. गणपतीत एका मंडळाच्या स्टेजवर दुसऱ्याच गाण्याला माझा आवाज आधी चिरकला, मग गेला. तालमीनंतर दोन दिवस पिन तशीच राहिली होती. साडेतीनशे माणसं समोर, गायिका अंतऱ्यात, आणि खाली काहीच नाही. तेव्हापासून पिन काढल्याशिवाय मी चहासुद्धा पीत नाही, आणि पिशवीत नवी बॅटरी असतेच.

आता घेतलेली बास नीट लावणं, म्हणजे सेटअप. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरी पुढचीला हलवते.

आधी नव्या तारा, ४५ ते १०५ जाडीच्या (हे इंचाचे हजारावे भाग). चार तारांचा मिळून ताण ७५-८० किलोच्या घरात असतो, म्हणून मान लगेच स्थिर होत नाही. तारा चढवा, सुरात लावा, दुसऱ्या दिवशी पुढचं काम करा.

मग मान. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबा. तार आता फूटपट्टीसारखी सरळ झाली. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यात ०.३ ते ०.३५ मिलिमीटर फट हवी, म्हणजे साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट जास्त असेल तर मानेतला रॉड, म्हणजे आतली धातूची सळई, चावीनं घड्याळाच्या दिशेनं आवळा, फटच नसेल तर उलट सोडा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लावा, थांबा, मोजा. चावी अडली तर जोर करू नका, जाणकाराकडे न्या. माझ्या बासचा रॉड जास्त आवळलेला होता. पाव फेरा सोडला आणि तिसऱ्या पडद्याची खरखर गेली.

मान झाली की उंची. सतराव्या पडद्यापाशी पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंत जाड तारेला २.४ आणि बारीक तारेला २ मिलिमीटर. ब्रिजवर, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तिथं, प्रत्येक तारेला वेगळी छोटी घोडी असते, तिचे दोन स्क्रू सारखे फिरवा. जोरात वाजवणाऱ्यानं थोडी उंच ठेवावी. सगळ्यात खाली बसवण्याचा हट्ट धरू नका. बासचा भरदारपणा उंचीत असतो.

मग सूर. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथंच दाबून वाजवलेला स्वर, दोन्ही ट्यूनरवर एकच हवेत. दाबलेला चढा लागला तर घोडी मागं, उतरता लागला तर पुढं. जुन्या, मळलेल्या तारांवर हे करण्यात अर्थ नाही. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमरसन मात्र सपाट गुंडाळीच्या तारा तुटेपर्यंत बदलत नसत, आणि त्यांचा तो घुमा, लाकडी नाद जगानं ऐकला. तसा नाद हवा असेल तर सपाट तारा घ्या; त्या सावकाश मुरतात. नेहमीच्या तारा मुरत नाहीत, मरतात.

पिकअप शेवटी. फार वर आणला तर त्यातला चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डळमळतो. शेवटचा पडदा दाबून जाड तारेखाली साधारण ३ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर ठेवा आणि चारही तारा सारख्याच मोठ्या येतात का ते ऐका.

हे सगळे आकडे कागदावर लिहून तारखेसह पिशवीत ठेवा. जूनमध्ये पाऊस लागला आणि पुन्हा मार्चमध्ये हवा कोरडी पडली की मान हलतेच. तेव्हा ताडून बघता येतं.

बँडसोबत पहिल्यांदा वाजवाल तेव्हा की-बोर्डवाल्याला हात जोडून सांगा की डावा हात खालच्या सप्तकातून उचल. तुम्ही दोघं तिथं बसलात तर गाळ होतो. ऑक्टोपॅडवाल्याच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणाऱ्याच्या, शेजारी उभे राहा, त्याचा पाय आणि तुमचं बोट एकाच क्षणी पडलं पाहिजे. साउंडवाल्याला डीआय बॉक्समधून, म्हणजे बास थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून, लाइन द्या. मग लांब वायर घ्या, एकच स्वर वाजवत स्टेजवरून उतरा आणि मांडवाच्या मधोमध उभे राहा. स्टेजवर बास ऐकू येत नाही म्हणून सगळेच आवाज वाढवतात, पण मांडवात ती आधीच भिंती हलवत असते. आवाज तिथं ठरवा.