गल्लीतला फौजी गेला, तर फ्लेक्सच्या आधी काय करायचं

कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळ माझं फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. श्रद्धांजलीचे बोर्ड हाच माझा धंदा, तरी सांगतो, गल्लीतला फौजी गेला की पहिल्याच दिवशी माझ्याकडं पळत येऊ नका. इंटरनेटवरचा रणगाडा, मागं तिरंगा, वर 'वीर योद्धा', एवढं तासाभरात होतं. पण तसला बोर्ड कुणाच्याही नावानं चालतो.

आमच्या शेजारचे आबा १ मराठा लाइट इन्फंट्रीतले, जंगी पलटणीचे. १९७१ च्या लढाईत जमालपूरला, म्हणजे आताच्या बांगलादेशात होते. ते गेल्यावर गल्लीनं जे केलं, त्यातलं उपयोगी पडेल तेवढं लिहितो.

पहिलं काम आज्जींची पेन्शन. महापालिकेतून मृत्यूचा दाखला घ्या, दोन-चार प्रती जास्तच काढा. डिस्चार्ज बुक (फौजेतून निवृत्त होताना मिळतं ते) आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, शोधा. बहुतेक घरांत हे कागद ट्रंकेच्या तळाला असतात. मग पीपीओवरचं आणि आधारवरचं बायकोचं नाव, जन्मतारीख जुळते का बघा. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं आणि पलटणीच्या क्लार्कनं लिहिलेलं तिसरंच, असं पुष्कळदा असतं, आणि कुटुंब पेन्शन अडते ती इथंच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला हे नवीन नाही. फक्त कागद वाचता येणारं कुणीतरी आज्जींच्या सोबत जाऊ दे. हल्ली कारभार फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर चालतो. ओटीपीसाठी कुणाचा मोबाइल नंबर द्यायचा ते घरच्यांनी ठरवायचं, आपण शेजाऱ्यांनी त्यात पडायचं नाही.

हुद्दा डिस्चार्ज बुकातूनच घ्या. आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण 'मेजर' असतो. हाकेला ठीक आहे, बोर्डावर नको. आबा हवालदार होते, तसंच छापलं.

मेडलांचं काम मात्र सावकाश करा. छातीवर चार मेडलं दिसली की लोक मला 'शौर्यपदक विजेते' लिहायला सांगतात. मी आधी कागद मागतो. बरीचशी मेडलं मोहिमेत किंवा नोकरीत असल्याबद्दलची असतात. आबांच्याकडं 'पूर्वी स्टार' नावाचं मेडल होतं, म्हणजे ७१ ला पूर्वेची आघाडी. संग्राम मेडल होतं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचंही होतं, ते १५ ऑगस्ट १९७२ ला फौजेत असलेल्यांना मिळालेलं. पश्चिमेला लढलेल्याकडं पश्चिमी स्टार सापडेल, १९६५ वाल्याकडं समर सेवा स्टार. वीरचक्र किंवा सेना मेडल असेल तर त्याचा वेगळा कागद असतो, तो मागा.

मेडलच्या कडेला नाहीतर पाठीमागं बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलेलं असतं. भिंग घेऊन वाचा, उतरवून घ्या. चिंच लावून समईसारखं घासू नका, अक्षरं झिजतात. रिबिनींचा रंग उन्हात उडतो, म्हणून चौकट खिडकीसमोर लावू नका. नंबर हातात आला की बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र घालता येतं. ते आज्जींच्या सहीनं जाऊ दे. शेजाऱ्याला कोण माहिती देणार?

जुनी पत्रं असतील तर पाकिटासकट ठेवा. फौजी पत्त्यात गाव नसतं. नंबर, नाव, पलटण आणि ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. ९९ असेल तर माणूस पूर्वेकडं होता असं धरायला हरकत नाही. मजकूर मोठ्यानं वाचण्याआधी आज्जींना विचारा, नवराबायकोची पत्रं आहेत ती.

लढाईचं लिहिताना दोन कप्पे ठेवा. जमालपुरात ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याची चिठ्ठी पाठवली आणि पाकिस्तानी कर्नल सुलतान यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून दिली, हा इतिहास. आबा सांगायचे ते एवढंच, की ब्रह्मपुत्रा ओलांडून शत्रूच्या पाठीमागं गेलो आणि बूट काही वाळले नाहीत. ती चिठ्ठी आबांनी स्वतः बघितली, असं तालमीत एकानं सुरू केलंच होतं. असलं तिथंच थांबवायचं.

गल्लीच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण 'आबा कसे होते' असं विचारू नका. 'फार चांगले' एवढंच मिळतं. 'आबा तुमच्यावर कधी ओरडले?' असं विचारा, मग बघा. २०१९ च्या पुरात तालमीची पोरं चिखली-आंबेवाडीकडं गेली, तेव्हा कोण कुठल्या बोटीत बसलं याची वही आबांनी ठेवली होती, हे असंच बाहेर आलं. त्या वहीच्या पानापानाचा फोटो काढलाय. कॅन्टीनच्या रमचा विषय निघणारच. निघाला तर रेकॉर्डिंग बंद करू नका.

आता फ्लेक्स. फोटो व्हॉट्सॲपवर नुसता पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर चेहरा फुटतो. त्यापेक्षा मूळ फोटोच घेऊन या, समोर स्कॅन करून लगेच परत देतो. नाव, नंबर, हुद्दा, पलटण, सेवेची वर्षं. रणगाडा नको, आबा पायदळात होते.

दरवर्षीसाठी १६ डिसेंबर, विजय दिवस, ही तारीख सोयीची. तालमीच्या फळ्यावर खडूनं चार ओळी लिहा. पाहुणा बोलवायचा की नाही, हे आज्जींना विचारा. आमच्या आज्जी म्हणाल्या, भाषण नको, पोरांना गंगावेशीत दूध पाजा. बिल तालमीच्या खात्यात.